निव-मिझेट: कार्डं ओढत राहणारा कमांडर डेक बांधताना आणि खेळताना

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाचा आयता डेक, म्हणजे कार्डांचा तयार संच, घेऊन थोडंफार खेळून झालंय, आता स्वतःचा बांधायचाय, पण हजारो कार्डांच्या ढिगासमोर बसल्यावर काही सुचत नाहीये, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी न्युरेम्बर्गला राहते, नोकरी आयटीतली, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ गेमच्या दुकानात जाते. जानेवारी २०२५ मध्ये ठरवलं की डेक बांधायचा आणि तो कार्ड ड्रॉचाच, म्हणजे सतत नवीन कार्डं ओढणारा, बांधायचा, कारण या खेळात मला सगळ्यात जास्त आनंद नवीन कार्ड हातात येतं तेव्हा होतो, अगदी पहिल्यापासून.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगते. मॅजिक १९९३ चा खेळ, रिचर्ड गारफील्डने बनवलेला, आणि कमांडर हा त्याचा बहुतेक चौघांनी मिळून खेळायचा प्रकार. १०० कार्डांचा डेक, त्यात बेसिक लँड (माना देणारी साधी कार्डं, माना म्हणजे बाकीची कार्डं खेळायला भरायची किंमत) सोडून कुठलंच कार्ड दोनदा नाही, एक लेजंडरी क्रीचर, म्हणजे नावाजलेलं पात्र, तुमचा कमांडर म्हणून बाहेर बाजूला ठेवलेला, आणि प्रत्येकाला ४० लाइफ, ते संपलं की तो बाद. कमांडरच्या कार्डावर जे रंग त्याच रंगांची कार्डं डेकमध्ये चालतात.

कार्ड ओढण्यावर बक्षीस देणारे निळे-लाल कमांडर मी तीन बघितले. एक द लोकस्ट गॉड, २०१७ चा, प्रत्येक ड्रॉला एक उडणारा किडा देतो. दुसरा २००६ चा निव-मिझेट द फायरमाइंड, आणि तिसरा २०१८ च्या गिल्ड्स ऑफ रावनिकामधला निव-मिझेट पारुन. मी पारुन घेतला. पाच-पाचचा (ताकद पाच, सहनशक्ती पाच) उडणारा ड्रॅगन, काउंटर करता येत नाही, म्हणजे टाकताना कुणाला रद्द करता येत नाही, तुम्ही कार्ड ओढलं की कुणालाही एक डॅमेज, आणि टेबलावर कुणीही, म्हणजे समोरच्यांनीसुद्धा, इन्स्टंट किंवा सॉर्सरी (एकदा वापरून संपणारे मंत्र, इन्स्टंट दुसऱ्याच्या टर्नलाही चालतो) टाकली की तुम्हाला एक कार्ड. दुसऱ्याच्या टर्नलाही माझा डेक जागा राहतो हे मला फार आवडलं. कमांडरमध्ये तीन जणांचे टर्न संपेपर्यंत बराच वेळ जातो, त्या वेळात करायला काहीतरी हातात असणं ही मोठी गोष्ट आहे.

यादी करायला स्क्रायफॉल या कार्डं शोधायच्या साइटवर रंग निळा-लाल आणि मजकुरात ड्रॉ असं शोधलं तर इतकी कार्डं आली की त्या दिवशी लॅपटॉप बंद केला. मग ईडीएचरेकवर याच कमांडरचे लोकांनी बांधलेले डेक चाळले आणि मॉक्सफील्डवर स्वतःची यादी सुरू केली. इथे एक सल्ला देते, ड्रॉची कार्डं सगळ्यात शेवटी निवडा. ती भरपूर आहेत, स्वस्त आहेत आणि मोहात पाडतात. आधी लँड, मग माना देणारे आर्टिफॅक्ट (वस्तूंची कार्डं), मग समोरच्याचं काही काढायची कार्डं आणि काउंटर, मग निवला वाचवणारी, मग ज्यांनी गेम जिंकायचाय ती, आणि उरलेल्या जागेत ड्रॉ. माझ्याकडे लँड ३७ झाल्या आणि मानाचे आर्टिफॅक्ट ९, आणि एवढं सगळं बसवूनही ड्रॉसाठी २४ जागा उरल्या, म्हणजे कमी काही पडलं नाही.

मानावर मात्र खरंच वेळ द्या. निव-मिझेट पारुनची किंमत तीन निळे आणि तीन लाल, बस, सहाच्या सहा रंगीत, त्यात कुठलाही चालेल असा माना एकही नाही. त्यामुळे प्रत्येक डेकमध्ये डोळे मिटून जाणारी सोल रिंग इथे निवला पहिल्यांदा आणताना थेट उपयोगाची नाही, कारण ती बिनरंगी माना देते. कमांडर मेला की परत आणताना दर वेळी दोन माना जास्त पडतात, तो दंड मात्र सोल रिंग भरते, म्हणून ठेवली. खरं काम इझेट सिग्नेट, आर्केन सिग्नेट असल्यांचं आणि दोन रंगी लँडचं. स्टीम व्हेंट्स, शिवन रीफ, सल्फर फॉल्स, ट्रेनिंग सेंटर, कमांड टॉवर, आणि कॅस्केड ब्लफ्स, जी एक निळा किंवा लाल माना घेऊन तुम्हाला हवे तसे दोन देते. मॉक्सफील्डवर नुसते सुरुवातीचे हात काढून बघायची सोय आहे, तिथे बसून सात-सात कार्डं काढत राहिले आणि सहाव्या-सातव्या टर्नला तीन निळे तीन लाल जमतायत का एवढंच बघितलं. आधी जमत नव्हते. चार बेसिक लँड काढून दोन रंगी टाकल्या तेव्हा जमायला लागले. ३७ लँडवर सुरुवातीच्या सात कार्डांत सरासरी अडीचच्या थोड्या वर लँड येतात, त्यामुळे दोन लँड आणि दोन स्वस्त ड्रॉ असा हात मी ठेवते, आणि एका लँडचा हात कितीही सुंदर असला तरी परत पिसते. चौघांच्या खेळात पहिलं मलिगन, म्हणजे हात बदलून घेणं, फुकट असतं, ते वापरायला संकोच करू नका.

हे चालू असतानाच फेब्रुवारी २०२५ मध्ये कमांडरचे ब्रॅकेट जाहीर झाले. आधीच्या सप्टेंबरात माना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस, डॉकसाइड एक्सटॉर्शनिस्ट आणि नाडू ही कार्डं बॅन झाली आणि त्या गदारोळानंतर कमांडरचा कारभार थेट खेळ काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीकडे गेला, त्यातूनच हे आलं. डेकच्या ताकदीच्या एक ते पाच अशा पायऱ्या, आणि गेम चेंजर म्हणून फार ताकदवान कार्डांची एक यादी. तिसऱ्या ब्रॅकेटमध्ये त्यातली जास्तीत जास्त तीन चालतात आणि दोन कार्डांत गेम संपवणारे कॉम्बो सुरुवातीलाच नकोत. दुसऱ्यात गेम चेंजरही नको आणि असा कॉम्बोही नको. निवचा प्रसिद्ध कॉम्बो म्हणजे त्याच्यावर क्युरिऑसिटी लावायची. क्युरिऑसिटी म्हणते की या क्रीचरने विरोधकाला डॅमेज केलं की हवं तर कार्ड ओढ, आणि निव म्हणतो कार्ड ओढलं की डॅमेज, झालं, गाडी थांबतच नाही. ऑफिडियन आय आणि टँडम लुकआउट हेच काम करतात. म्हणजे माझा डेक तिसऱ्या ब्रॅकेटचा. मी या तिन्हींच्या जागी टाकायला तीन साधी कार्डं निवडून वेगळ्या छोट्या पाकिटात ठेवलीयत, डेकच्याच स्लीव्हमध्ये (कार्डावरच्या प्लॅस्टिकच्या आवरणात), आणि टेबलावर कुणी म्हणालं की आज हलकं खेळूया तर एका मिनिटात बदलते. अशा कमांडरबरोबर हे पाकीट जवळ असूच द्या, टेबलावर बसणं सोपं होतं.

कार्डं विकत घेण्याआधी डेक भावाबरोबर खेळून बघितला. तो पुण्यात, त्याने घरीच कागदावर कार्डं छापून डेक बनवलाय, आणि स्पेलटेबल नावाच्या सोयीत वेबकॅम खाली टेबलावर रोखून दोन गावांतून खेळता येतं. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, त्यामुळे शनिवारी माझी दुपार, त्याची संध्याकाळ. मीही तोवर कागदाचे तुकडे स्लीव्हमध्ये जुन्या कार्डांपुढे सरकवून खेळत होते. एका गेममध्ये माझ्या हातात चौदा कार्डं, रेलिक्वरी टॉवर टेबलावर असल्यामुळे टाकायची गरज नाही, आणि तो म्हणाला, "ताई, तू मघापासून नुसती ओढतेयस, तुझ्या टेबलावर आहे काय?" काही नव्हतं. माना सगळा ओढण्यात जातो आणि ओढलेलं खेळायला माना उरत नाही, हा या प्रकारच्या डेकचा मूळ प्रश्न आहे आणि तो कागदावरच कळला हे फार बरं झालं. तीन-चार मानाची, दोनच कार्डं देणारी सगळी ड्रॉ काढली. त्यांच्या जागी दोन प्रकारची आली: एका मानाची, म्हणजे ऑप्ट, पाँडर, प्रीऑर्डेन, ब्रेनस्टॉर्म, कारण निव टेबलावर असताना यांच्यातलं प्रत्येक कार्ड टाकल्याचं एक वेगळं आणि स्वतःचं वेगळं ओढून देतं. आणि दुसरी एकदम मूठभर देणारी, विंडफॉलसारखी, ज्यात सगळे हात टाकतात आणि ज्याने सगळ्यात जास्त टाकली तेवढी प्रत्येकजण ओढतो. विंडफॉलने सात ओढली तर निवचे सात डॅमेज.

रेलिक्वरी टॉवरचं महत्त्वही तेव्हाच कळलं. घरी रमी खेळलेल्यांना पान उचललं की एक टाकायची सवय असतेच, इथे टर्न संपताना सातच्या वरची सगळी टाकायची असतात. रेलिक्वरी टॉवर किंवा थॉट व्हेसल असेल तर ती मर्यादा नाही. दोन्ही ठेवा, स्वस्त आहेत.

मार्चच्या शेवटी कार्डं मागवली. युरोपात राहत असाल तर कार्डमार्केट, बर्लिनची कंपनी, दुकानंही विकतात आणि घरगुती लोकही. नोंदणी करा, पत्ता भरा, खात्यात बँकेतून पैसे टाका, ते दिसायला मला शनिवार-रविवार धरून काही दिवस लागले, त्यामुळे हे काम आधीच उरकून घ्या. हवी असलेली सगळी यादी एकदम चिकटवता येते आणि शॉपिंग विझार्ड नावाचं बटण आहे, ते टपाल धरून सगळ्यात कमी पैशात कुठल्या कुठल्या विक्रेत्यांकडून घ्यायचं ते काढून देतं. पण ते दाबायच्या आधी तीन गोष्टी ठरवा. भाषा: मी इंग्लिशच घेतली, जर्मन कधी कधी स्वस्त पडतात पण भावाशी खेळताना कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवायला त्रास. अवस्था: निअर मिंटचा, म्हणजे अगदी नव्यासारख्याचा, हट्ट सोडा, एक्सलंट किंवा गुड घ्या, स्लीव्हमध्ये गेल्यावर कोपऱ्यावरचा पांढरा ठिपका कुणाला दिसत नाही. आणि विक्रेता: शक्यतो तुमच्याच देशातला, कारण जर्मनीत साधं पत्र जानेवारी २०२५ पासून ९५ सेंटला जातं, त्यात चार-पाच कार्डं बसतात, परदेशातून तेच महाग पडतं आणि वेळही लागतो. विझार्ड पाच सेंट वाचवायला दोन कार्डांसाठी अकरावा विक्रेता सुचवतो, तो हाताने काढून टाका आणि तीच दोन कार्डं आधीच्याच कुणाकडून घ्या.

निव स्वतः पाच युरोच्या आत मिळाला. क्युरिऑसिटी, सायकोसिस क्रॉलर, विंडफॉल यांनी खिसा रिकामा केला नाही. पैसे गेले ते लँडवर, स्टीम व्हेंट्स आणि कॅस्केड ब्लफ्स वगैरे धरून ४० युरोच्या पुढे. टपालाचे पंधराएक, आणि शंभर स्लीव्ह अधिक डब्याचे वीस. सगळं मिळून १५० युरोच्या आसपास. ऱ्हिस्टिक स्टडी हे ड्रॉचं प्रसिद्ध कार्ड घेतलं नाही, एका कार्डाला तेवढे पैसे मला नको वाटले. सायक्लोनिक रिफ्ट आधीपासून माझ्याकडे होती, तेवढं एक गेम चेंजर.

मग वाट बघणं. रोज पत्रपेटी उघडायची. पाकिटं एकेक करून आली, प्रत्येकात कार्डं प्लॅस्टिकच्या टॉपलोडरमध्ये, टॉपलोडर टेपने बंद, आणि बऱ्याच जणांनी छोटी चिठ्ठी टाकलेली. आलेलं पाकीट उघडून कार्ड उजेडात तिरकं धरून बघायचं, ओरखडा किंवा घडी नाही ना, आणि मगच साइटवर मिळालं म्हणून नोंदवायचं, कारण त्यानंतरच पैसे विक्रेत्याकडे जातात. एक पाकीट येईना, त्यात नेमकी ऑफिडियन आय. मध्ये ईस्टर आला, २० एप्रिलचा, शुक्रवार, रविवार आणि सोमवार सगळं बंद. विक्रेत्याला साधा निरोप टाकला, त्याने टपालात टाकल्याची तारीख लगेच कळवली, आणि सुट्टीनंतर ते आलं. दोन आठवडे धीर धरा, मग विचारा, आणि विचारताना आरोपाची भाषा नको. पलीकडे बहुतेक वेळा तुमच्यासारखाच कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाकिटं भरत असतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुकानात पहिला गेम झाला. प्रवेश पाच युरो, टेबलावर समोरच्यांचे कमांडर क्रेंको, अट्राक्सा आणि हिरवा घाल्टा. निवचं कार्ड ठेवताच तिघांनी एकमेकांकडे बघितलं. या कमांडरची ख्याती आहे, ती तुमच्याबरोबर टेबलावर येते, हे मनाशी धरून जा. मी आधीच सांगितलं की डेक तिसऱ्या ब्रॅकेटचा आहे, क्युरिऑसिटी आहे, ती काढू का, तर ते म्हणाले राहू दे. सातव्या टर्नला निव आला आणि माझा पुढचा टर्न यायच्या आधीच अट्राक्सावाल्याने त्याच्यावर सोर्ड्स टू प्लाउशेअर्स टाकलं, क्रीचर हटवून त्याच्या ताकदीएवढं लाइफ देणारं. ते इन्स्टंट, म्हणून मला एक कार्ड, त्याला एक डॅमेज, मला पाच लाइफ, आणि निव परत बाजूला. आता आठ माना. दोन सोल रिंगने दिले. तोपर्यंत क्रेंकोच्या गॉब्लिनांनी टेबल भरलं होतं, निव एकेका डॅमेजने एकेक गॉब्लिन मारत होता आणि क्रेंको दर टर्नला दुप्पट करत होता, त्यात मी गेले. तरी घरी येताना मी प्रचंड खूश होते, डेक चालत होता.

खेळताना हात कसा चालवायचा तेही सांगते, कारण या डेकमध्ये ट्रिगर, म्हणजे काही घडलं की आपोआप होणारे परिणाम, खूप आणि ते ढिसाळपणे केले तर बाकीच्यांचा वेळ जातो. "दोन कार्डं ओढ" असं असेल तर दोन्ही आधी ओढायची, मग निवचे दोन ट्रिगर एकदम स्टॅकवर, म्हणजे लागू व्हायची वाट बघणाऱ्या ढिगात, आणि तेव्हा दोघांची लक्ष्यं ठरवायची. मी ओढलेल्या कार्डांएवढे छोटे काचेचे मणी निवच्या कार्डावर ठेवते आणि एकेक मणी उचलून ज्याला डॅमेज त्याच्या समोर सरकवते, मोठ्याने बोलत. वाद होत नाहीत. दुसरं, डॅमेज नेहमी माणसांनाच मारू नका. सुरुवातीला लानोवार एल्व्ह्जसारखी माना देणारी एक-एकची क्रीचर मारणं जास्त मोलाचं.

आता कॉम्बोचं गणित, जे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. तिघांचे मिळून १२० लाइफ. तुमच्या डेकमध्ये मध्यावर ऐंशीच्या आसपास कार्डं उरतात. एका कार्डाला एक डॅमेज, म्हणजे सगळे भरल्या लाइफवर असताना क्युरिऑसिटी लावून तुम्ही जिंकत नाही, आणि रिकाम्या डेकमधून ओढायची वेळ आली तर हरताच. म्हणून आधी बेरीज करायची: तिघांचं उरलेलं लाइफ तुमच्या उरलेल्या कार्डांपेक्षा कमी आहे का. यावर काहीजण लॅबोरेटरी मॅनियाक ठेवतात, रिकाम्या डेकमधून ओढलं की जिंकवणारा. मी सायकोसिस क्रॉलर ठेवला. तो प्रत्येक ड्रॉला प्रत्येक विरोधकाचं एक लाइफ घटवतो. क्रॉलर आणि निव दोन्ही असले तर एका कार्डामागे चार, आणि १२० साठी ३० कार्डं पुरतात. आणि क्युरिऑसिटीत "हवं तर" आहे, त्यामुळे थांबता येतं. टँडम लुकआउटमध्ये ते नाही, तिथे थांबायचं असेल तर पुढचा डॅमेज एखाद्या क्रीचरवर टाकायचा.

आणि ही तीन कार्डं हाताशी येतात कधी? ९९ मधली १२ बघून झाली असतील तर तीनपैकी निदान एक येण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश. ३० बघितली तर दोन-तृतीयांश. कार्ड ड्रॉचा डेक म्हणजे हाच फरक, शोधून आणणारी महागडी ट्युटर नसली तरी डेक स्वतःच स्वतःला शोधतो.

जूनमध्ये एका गेमला हे सगळं जुळलं. समोरच्यांचे १७, २४ आणि ९, बेरीज ५०, माझ्याकडे ६१ कार्डं. निवच्या पायात स्विफ्टफूट बूट्स, म्हणजे हेक्सप्रूफ, दुसऱ्यांना त्याला लक्ष्य करता येत नाही पण माझी क्युरिऑसिटी लागते. हे बूट का महत्त्वाचे ते सांगते. धोक्याचा क्षण एकच, क्युरिऑसिटी टाकलीय आणि अजून लागली नाहीये. तेव्हा बूट नसताना कुणी केऑस वॉर्प हा हटवणारा इन्स्टंट मारला तर मला एक कार्ड मिळतं, एक डॅमेज होतो, पण निव जातो आणि क्युरिऑसिटी वाया. एकदा ती लागली की उलटं होतं: त्याने इन्स्टंट टाकताक्षणी निवचा ट्रिगर त्या इन्स्टंटच्या वर बसतो, मी ओढते, डॅमेज, परत ओढते, आणि ती सगळी साखळी त्याच्या कार्डाच्या आधी संपते. मी क्युरिऑसिटी लावली, एका निळ्या मानावर ऑप्ट टाकलं आणि मणी मोजायला सुरुवात केली. नऊवाला आधी, मग १७, मग २४. शेजारच्या टेबलावरचे दोघं उठून बघायला आले. सगळं मोठ्याने मोजून केलं, घाई केली नाही, आणि नंतर ज्याचे नऊ होते त्याने डेकची यादी मागितली, ती तिथेच दिली.

आता सध्या जे चाललंय ते म्हणजे ऱ्हिस्टिक स्टडीच्या जागी मिस्टिक रेमोरा. एका निळ्या मानाचं, दर टर्नला ठेवण्याचा खर्च एकेकाने वाढत जातो, पण समोरच्याने क्रीचर सोडून काहीही टाकलं की चार माना भर नाहीतर मी ओढते. दोन टर्न ठेवून तिसऱ्याला सोडून द्यायचं, तेवढ्यात तीन-चार कार्डं येतात. मी सुरुवातीच्या हातात असेल तरच टाकते, आठव्या टर्नला आलं तर ब्रेनस्टॉर्मने परत डेकवर ठेवते. भाऊ म्हणतो, त्याऐवजी अजून एक काउंटर घाल. पुढच्या शनिवारी दोन्ही करून बघणार आहोत.